मुलीच्या खेळाची फी कोण भरणार?

(आष्टा येथे जानेवारीत झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण, थोडे संक्षिप्त करून)

३ जानेवारीला आपण सावित्रीबाईंची जयंती साजरी केली. १५ जानेवारीला खाशाबा जाधवांची जयंती येते. तो दिवस आता राज्याचा क्रीडा दिन आहे. सावित्रीबाई खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या आणि खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे, म्हणजे दोघेही आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातले. सावित्रीबाईंमुळे आपण मुलींना शाळेत पाठवायला शिकलो. खाशाबांच्या गोष्टीतून आपण काय शिकलो, हे मात्र आपण नीट तपासलेले नाही. आज मला त्याबद्दलच बोलायचे आहे. विषय अगदी साधा आहे, घरखर्चाच्या वहीतला आहे. मुलीला खेळ शिकवायला दर महिन्याला पैसे भरायचे की नाही, आणि भरले तर त्यातून तिला काय मिळते?

आधी खाशाबांची गोष्ट आठवून पाहू. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायचे तर पैसे हवे होते. घरी पैसे नव्हते. खाशाबांनी गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर बैलगाड्यांची मोठी मिरवणूक निघाली आणि पुढे कुस्त्या लढवून त्यांनी खर्डेकरांचे पैसे फेडले.

ही गोष्ट आपल्याकडच्या बहुतेक घरांत ठाऊक आहे आणि ती सांगताना आपला ऊर भरून येतो. पण तिच्यात एक गोष्ट आपण गृहीत धरतो. मुलाच्या अंगावर, त्याच्या कसरतीवर, त्याच्या खुराकावर पैसा घालणे आपल्या भागात कधीच वाया गेलेले मानले नाही. हिंदकेसरी मारुती मान्यांचे कवठेपिरान इथून जवळच आहे. गावोगाव तालमी आहेत. पोरगा तालमीत जायला लागला की घरातली म्हैस त्याच्या नावाची होते. बदाम येतात, तूप वेगळे ठेवले जाते. त्याला कोणी हौस म्हणत नाही, 'पोरगं तयार होतंय' म्हणतात.

आणि पोरगी? तिने शाळेच्या कबड्डीत नाव काढले, मैदानावरच्या सरांनी 'महिन्याला चारशे रुपये भरा, मी हिला रोज शिकवतो' असा निरोप दिला, तर घरात काय बोलणे होते ते तुम्ही सगळ्याजणी जाणता. 'पोरीला काय पैलवान करायचंय व्हय?' 'उन्हात काळी पडली तर?' 'हातपाय मोडून घेतला तर लग्न कोण करणार?' आणि शेवटचे, अगदी शहाणपणाच्या सुरात येणारे वाक्य, 'शाळेत खेळतेच की, त्याला वेगळे पैसे कशाला?'

या शेवटच्या वाक्याशी मी पुष्कळ वर्षे सहमत होते, हे आज कबूल करते. समाजकार्याचे शिक्षण घेऊन बाहेर पडले तेव्हा माझी पक्की समजूत होती की गरिबांच्या मुलींसाठी जे करायचे ते फुकट करायचे. आम्ही एका उन्हाळ्यात मुलींसाठी पंधरा दिवसांचे मोफत क्रीडा शिबिर घेतले. टोप्या वाटल्या, केळी वाटली, समारोपाला पाहुणे आले, फोटो निघाला. मुली इतक्या खूश होत्या की मला वाटले, जमले. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर त्यातल्या तीन मुली मला शोधत आल्या. म्हणाल्या, "ताई, आता कुठं जायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हते. शिबिर संपले होते, निधी संपला होता, शिकवणारे सर आपल्या कामाला गेले होते. त्यातली एक मुलगी फार चपळ होती. मी तिच्या घरी गेले. आई भांगलणीला जाणारी. ती म्हणाली, "फुकट होतं तवर धाडली. आता पैसं म्हणत्यात. थोरल्याची दहावीची शिकवणी लागलीया, एकाच पोराचं भागतंय." मी 'बरं' म्हणून परत आले. कारण ते मलाही पटत होते. दोन वर्षांनी बारावीच्या आधीच त्या मुलीचे लग्न झाल्याचे कळले.

मी असे म्हणत नाही की चारशे रुपये भरले असते तर ते लग्न टळलेच असते. एवढे सोपे गणित नसते. पण त्या घरात जेव्हा प्रश्न आला, 'हिचे काय चालले आहे सध्या?', तेव्हा उत्तरादाखल दाखवायला काहीच नव्हते. पुढच्या महिन्यात स्पर्धा नव्हती, वाट बघणारे सर नव्हते, भरलेली फी नव्हती. मुलगी रिकामी दिसत होती. आणि रिकामी दिसणारी मुलगी आपल्याकडे फार काळ रिकामी ठेवली जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे २०१९ ते २१ चे आकडे सांगतात की महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्के बायकांची लग्ने अठराच्या आत झाली होती. म्हणजे पाचातल्या एकीपेक्षा जास्त. आपला भाग पुढारलेला आहे, ऊस आहे, कारखाने आहेत, कॉलेजे आहेत. तरी हे आपल्या डोळ्यांदेखत होते आहे.

आता फी भरून मिळते काय, ते पाहू. पदकाचे सोडा, आधी रोजचे बोलू.

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. मुलीला संध्याकाळी पाच ते साडेसहा मैदानावर जायचे आहे आणि त्याचे पैसे भरले आहेत, म्हटल्यावर घर त्या दीड तासात तिला भाकरी थापायला बसवत नाही. शाळा सोडली तर मुलीच्या दिवसात तिच्या नावाचा असा तास नसतोच. फुकटच्या गोष्टीला 'आज राहू दे' म्हणता येते. पैसे भरलेल्या गोष्टीला तसे म्हणताना घरातल्या सगळ्यांनाच जड जाते. तो दीड तास आपण तिला विकत घेऊन देतो.

दुसरी गोष्ट अंग. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी दम लागेल अशी हालचाल करावी. त्याच संघटनेच्या संशोधकांनी २०१९ साली जगभरातल्या शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. ११ ते १७ वयाच्या १०० मुलींपैकी ८५ मुलींना एवढी हालचाल मिळत नाही. मुलांमध्येही हा आकडा ७८ आहे, म्हणजे तेही काही फार पुढे नाहीत. पण मुलींचे बसणे वयात येताना सुरू होते आणि नेमकी त्याच वयात हाडे भरत असतात. पन्नाशीत आपले गुडघे आणि कंबर बोलू लागते, त्याची बेगमी बाराव्या-चौदाव्या वर्षी करायची असते.

शिवाय एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. मुलगी सरावाला जायला लागली की तिला भूक लागते आणि ती भूक घराला दिसते. घाईघाईत चहा-चपाती खाऊन पळणारी मुलगी चक्कर येऊन बसली की सर विचारतात, 'काय खाल्लेस? रक्त तपासले का?' आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक मुलींना रक्त कमी आहे, पण घरात ते कोणी बघत नाही. मुलगी पळायला लागली की ते लपत नाही. मग तिच्या ताटात अंडे येते, शेंगदाण्याचा लाडू येतो, दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या येतात. पाळीबद्दलसुद्धा बोलावेच लागते.

तिसरी गोष्ट, हरायला शिकणे. आपल्या मुलींना हरायची मुभा नसते. परीक्षेत नापास झाली की शाळा बंद. सासरी पटले नाही की 'पोरीनेच सांभाळून घ्यायला पाहिजे होते'. मैदान ही एकच जागा मला अशी दिसते की जिथे आज चितपट झालेली मुलगी उद्या त्याच मातीत परत उतरते आणि कोणी तिला नावे ठेवत नाही. चूक नेमकी कुठे झाली, पाय चुकला की पकड चुकली, हे तिला कोणीतरी शांतपणे समजावून सांगते. हे नुसत्या खेळण्यातून येत नाही, शिकवणाऱ्या माणसाकडून येते. म्हणून शिकवणीचे पैसे.

चौथी गोष्ट कामाची. ती पुरुषांनाही लगेच पटते. आपल्या भागात पोलीस भरतीच्या अकॅडम्या किती निघाल्या आहेत ते बघा. मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची झाली की आपण तिथे एकदम हजारो रुपये भरतो. भरतीत मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावावे लागते, गोळा फेकावा लागतो. मैदानाचे मिळून ५० गुण. ज्या मुलीने बारा वर्षांपर्यंत दोरीवरच्या उड्याही सोडून दिल्या, तिने सहा महिन्यांत हे कसे करायचे? कित्येकींची नडगी दुखावते, दम पुरत नाही, आणि मग 'हिला जमत नाही' असा शिक्का बसतो. तोच पैसा थोडा थोडा करून आधीच्या सहा वर्षांत घातला असता तर? शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वरच्या पातळीवर खेळलेल्यांना सवलतीचे गुण आहेत. हे सगळे आपली मुले घेतात. मुलींनी का घेऊ नये?

आता पदकांकडे येते. आष्ट्याहून सांगलीला जाताना वाटेत तुंग लागते. त्या तुंगच्या प्रतीक्षा बागडीने मार्च २०२३ मध्ये सांगलीतच झालेली पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा जिंकली. महाराष्ट्र केसरीच्या गदेसाठी पुरुष १९६१ पासून लढत आले आणि मुलींसाठी ती स्पर्धा यायला २०२३ उजाडले. सांगलीच्या काजोल सरगरने २०२२ च्या जूनमध्ये पंचकुला येथे खेलो इंडियात वजन उचलण्यात सुवर्णपदक मिळवले. तिच्या वडिलांची चहाची टपरी आणि पानाचे दुकान. त्या घराने भावालाही वजने उचलायला पाठवले आणि बहिणीलाही. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला धनुर्विद्येत जगज्जेती झाली, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. वडील शिक्षक. मुलीच्या सरावासाठी कुटुंब गाव सोडून साताऱ्यात येऊन राहिले आणि धनुष्यबाणांसाठी कर्ज काढले. आपल्याकडे मुलीसाठी कर्ज काढतात ते कशासाठी, हे मी सांगायला नको. या आईबापांनी ते कर्ज तिच्या हातांसाठी काढले.

पण या तिघींची नावे घेताना मला एक भीती वाटते. फी भरली म्हणजे पदक आलेच पाहिजे, असा हिशेब घरात सुरू होतो. 'एवढे पैसे घातले आणि जिल्ह्यातसुद्धा नंबर नाही?' असे एकदा म्हटले की खेळ त्या मुलीच्या गळ्यातले लोढणे होते. शंभरातल्या नव्व्याण्णव मुली पदक आणणार नाहीत. शाळेची फी भरताना आपण 'कलेक्टर झाली तरच वसूल' असे म्हणतो का? मुलगी सरळ उभी राहू लागली, मान वर करून बोलू लागली, रात्री आठला एसटीतून एकटी उतरून घरी आली, तर फी वसूल झाली असे समजा.

आता शिकवणाऱ्यांबद्दल. 'सर एवढे चांगले आहेत, पैसे घेत नाहीत' याचे आपल्याला फार कौतुक. पण आपण बायका तरी फुकटच्या श्रमाचे गोडवे गाऊ नयेत. घरकामाला मोल नाही म्हणून आपण इतकी वर्षे भांडतो आहोत. मैदान आखणे, पहाटे उठणे, पंधरा मुलींना एकेक करून शिकवणे हे श्रम आहेत. त्याला दाम असेल तरच ते टिकते. आणि दाम असेल तरच आपल्या मुली पुढे शिक्षिका होतात तशा प्रशिक्षक होतील. लग्न झाल्यावर ज्यांचा खेळ सुटला अशा किती कबड्डीपटू, खो-खोपटू आज आपल्या गल्लीत भांडी घासत आहेत! दहा मुलींची फी नियमित मिळाली तर त्यातली एखादी संध्याकाळी मैदानावर उभी राहील. मुलींना बाई शिकवायला असली की आयांचा निम्मा घोर मिटतो.

फीचा आणखी एक उपयोग आहे. ती विचारण्याचा हक्क देते. उपकार घेतले की तोंड बंद होते. २०२३ साली दिल्लीत जंतरमंतरवर विनेश फोगाट, साक्षी मलिक आणि त्यांच्यासोबतचे कुस्तीगीर लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन बसले, ते आपण पाहिले. जगात नाव काढलेल्या मुलींना जर दाद मागायला रस्त्यावर बसावे लागते, तर तेरा वर्षांच्या पोरीचे काय? म्हणून फी भरताना पावती मागा. शिकवणार कोण, ते विचारा. मुलींसाठी संडास आहे का, कपडे बदलायला आडोसा आहे का, बाहेरगावी स्पर्धेला जाताना बरोबर बाई असते का, हे विचारा. अधूनमधून न सांगता मैदानावर जाऊन बसा. मुलीला सांगा, कोणी नकोसे वागले तर घरी येऊन बोल, तुझा खेळ त्यासाठी बंद होणार नाही. हे शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे. मुली गप्प बसतात त्या बऱ्याचदा खेळ बंद होईल या धाकाने. मुलांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१२ पासून पोक्सो कायदा आहे, १०९८ हा फोन आहे. खेळ बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

आता तुमच्या मनातला प्रश्न. पैसे आणायचे कोठून? ज्या बाईची मजुरी घरखर्चालाच पुरत नाही तिला मी उपदेश करणार नाही. पण जिथे मुलाच्या शिकवणीला, मोबाईलच्या रिचार्जला पैसे निघतात, तिथे मुलीच्या खेळाचे पैसे निघतच नाहीत असे नसते. ते कोणी मागितलेले नसतात. २०२४ पासून पुष्कळजणींच्या खात्यावर लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये येऊ लागले. एका आईने त्यातले चारशे पहिल्याच महिन्यात मुलीच्या खो-खोला दिले. नवरा चिडला. ती म्हणाली, "माझ्या नावावर आलंय, माझ्या पोरीच्या नावावर घातलंय." एवढेच बोलली आणि चुलीकडे वळली. बचत गटांनीही ठरवले तर म्हशीला, शिलाई मशीनला कर्ज देतो तसे मुलीच्या बुटांना, फीला देता येईल. चारजणी मिळून एका मुलीची फी भरली तर प्रत्येकीवर शंभरच पडतात.

पण सगळा भार आईच्या पदरावर टाकून मोकळे होता येणार नाही. सरकार, नगरपरिषद यांनीही आपल्या मुलींची फी भरली पाहिजे. अमेरिकेत १९७२ साली कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांत मुलामुलींमध्ये भेद करता येणार नाही, खेळातसुद्धा. त्या वेळी तिथल्या हायस्कूलच्या संघांत तीन लाखांहून कमी मुली खेळत होत्या. आज तीस लाखांहून अधिक खेळतात. तिथल्या अर्थशास्त्राच्या अभ्यासातून असेही दिसले की ज्या राज्यांत मुलींचा खेळ जास्त वाढला, तिथे मुलींचे कॉलेजात जाणे आणि नोकरीला लागणेही वाढले. आपल्या नगरपरिषदेत महिला व बालकल्याण समिती असते, गावात ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के पैसा महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो कशावर जातो ते विचारले पाहिजे. एका दिवसाच्या हळदीकुंकवावर आणि भेटवस्तूंवर जाणाऱ्या पैशात एका प्रशिक्षक बाईचा वर्षाचा पगार निघेल का, हा हिशेब आपण मांडून दाखवू या.

मैत्रिणींनो, माझ्या त्या शिबिरातली तिसरी मुलगी आज कुठे आहे ते सांगून थांबते. तिच्या आजीने आपली एक शेळी तिच्या नावाने राखली होती. दूध विकून फी जायची. ती मुलगी तालुक्याच्या पुढे कधी गेली नाही, पदक नाही, पेपरात नाव नाही. आज ती एका दवाखान्यात परिचारिका आहे. परवा भेटली तेव्हा मी विचारले, "खेळ सुटला का गं?" ती म्हणाली, "खेळ सुटला ताई, पण पेशंट अंगावर आला तरी मी मागं सरत न्हाई."

आज घरी गेल्यावर आपली वही काढा. दूध, किराणा, गॅस, मुलाची शिकवणी असे सगळे लिहिलेले असेल. त्याच्याखाली एक ओळ वाढवा. मुलीचे नाव, खेळाचे नाव आणि रक्कम. रक्कम यंदा जमली नाही तर ती जागा मोकळी ठेवा, पण ओळ लिहा. ज्याची ओळ वहीत असते त्याचाच पैसा कधी ना कधी निघतो.